काजची सोबत

“शेवटचं कधी खाल्लं हिनं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तोंडाशी धरलं की हुंगते आणि मान फिरवते,” भट्टीकाका म्हणाले. “गाजर नको, काकडी नको, गवताची काडीसुद्धा नको. रुसलेल्या जावयासारखं चाललंय.”

विनोद वाया गेला. डॉक्टरीणबाई टेबलावरच्या गिनीपिगचं पोट चाचपत होत्या. दोन मुठींत मावेल एवढा जीव, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, आणि बसली होती अशी अंग चोरून की टेबलावर आपण जागा अडवतोय याची तिला लाज वाटत असावी. भट्टीकाकांनी तिला कपड्यांच्या वेताच्या टोपलीत घालून आणलं होतं. बाहेर बाकावर एक जण दांडगा कुत्रा घेऊन बसला होता. तो टोपलीत डोकावून म्हणाला होता, “उंदराला दवाखाना? आमच्याकडे उंदराला औषध घालतात.” भट्टीकाकांना चांगलं उत्तर नेहमी घरी पोचल्यावर सुचायचं.

“दात ठीक आहेत, पोट मऊ आहे. दुखणं तसं काही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिच्याबरोबर दुसरी कोणी होती का?”

“होती ना. बहीण होती. तिचं नाव बटण, हिचं काज. परवा बटण गेली. सकाळी बघतो तर आडवी.”

“गेल्यावर हिच्याजवळ ठेवलीत थोडा वेळ?”

“छे छे! लगेच काढली बाहेर. पिंजरा कढत पाण्यानं धुतला, जंतुनाशक फिरवलं, खालची फडकी बदलली. ते लाकडी घरकुल होतं ना त्यांचं, तेही घासून उन्हात टाकलं. वास म्हणून शिल्लक ठेवला नाही.” हे सांगताना भट्टीकाकांचा आवाज जरा चढला. आता शाबासकी मिळणार असं त्यांना वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “काय काम करता तुम्ही?”

“इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. जन्म गेला तिथं.”

“तरीच,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. “काका, ह्यांना डोळ्यांनी कमी कळतं, नाकानं जास्त. मेलेली शेजारी राहिली असती तर हिनं तिला हुंगलं असतं, ढोसलं असतं, आणि हिला कळलं असतं की संपलं. तुम्ही तिला उचललंत आणि वर तिचा मागमूसही पुसून टाकलात. हिच्या लेखी ती मेलेली नाही. नुसती नाहीये.”

टेबलावरची काज टोपलीच्या काठाकडे तोंड करून बसली होती.

“मग आता काय करायचं?”

“खाणं पातळ करून सिरिंजनं भरवायचं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. आणि सोबत बघायची, दुसरी मादी. दुसरा उपाय नाही.”

“आणि सोबत नाही मिळाली तर?”

“तुम्ही भरवत राहिलात तर जगेल. तुमच्या हातून खायलाही लागेल. पण जगेल म्हणजे एवढंच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दाराकडे बघून कुत्र्याला आत बोलावलं.

भट्टीकाकांना हे नाव धुलाईघरात खरोखरची भट्टी होती तेव्हापासूनचं. भट्टी जाऊन यंत्रं आली, यंत्रं जाऊन मोठी यंत्रं आली, पण नाव काही गेलं नाही. पगार देणाऱ्या साहेबालासुद्धा त्यांचं खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, कांबळी, शस्त्रक्रियेचे झगे असं सगळं रोज ढिगानं यायचं, आणि त्यात माणसाच्या अंगातून बाहेर पडू शकतं ते सगळं असायचं. रक्ताला आधी थंड पाणी, कढत घातलंत तर डाग जन्माचा बसतो. औषधाच्या पिवळ्या डागाला वेगळं, तेलाला वेगळं. नवीन माणसाला भट्टीकाका पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत, “ह्या चादरीवर काल कोण होतं, ते उद्या तिच्यावर झोपणाऱ्याला कळता कामा नये. एवढंच आपलं काम.” नवीन माणसं मान हलवत आणि महिन्याभरात दुसरी नोकरी बघत.

मुलगा शाळेत असतानाच बायको वारली होती. मुलाला त्यांनी एकट्यानं वाढवलं, त्याचं लग्न केलं, नात झाली. मग दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला. त्याच इस्पितळात गेला, आणि त्याच्या अंगाखालची चादर दुसऱ्या दिवशी भट्टीकाकांच्या यंत्रात आली. ती कुठली हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

वर्षभरानं सून नातीला घेऊन आपल्या आईकडे राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. त्या दीड खोलीत तिघंही एकमेकांकडे बघितलं की चौथ्याची आठवण काढत, म्हणून गेली. नातीच्या गिनीपिग मात्र मागेच राहिल्या, कारण सुनेच्या आईला त्या उंदीरच वाटत. त्यामुळे बुटकी, म्हणजे नात, दर रविवारी त्यांना बघायला यायची. दहावं लागलं होतं तिला आणि ती वर्गात सगळ्यात बुटकी होती. हे नाव आजोबांनी ठेवलेलं, आणि ते फक्त आजोबांनीच वापरायचं असा तिचा नियम होता. रविवार हाच भट्टीकाकांच्या आठवड्यातला दिवस होता. बाकीचे वार कामावर जाऊन यायला होते.

आता सुनेचं दुसरं लग्न ठरलं होतं. नवरा परगावचा होता, त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस साधा, जपून बोलणारा. सुनेनं विचारायला म्हणून फोन केला तेव्हा भट्टीकाकांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. “हो म्हण,” ते म्हणाले. “एकट्यानं राहू नये माणसानं.”

बटण गेल्याचं कळलं तशी बुटकी बुधवारी शाळा सुटल्यावर आईला ओढतच घेऊन आली. फरशीवर मांडी घालून तिनं काजला फडक्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि गाजराचा पातळ लगदा सिरिंजनं तिच्या तोंडात सोडायला लागली. सून पर्स खांद्यावर ठेवूनच दारात उभी होती.

“आजोबा, गिळलं! बघा, घसा हलला!”

“हळू घाल. ठसका लागेल तिला.”

“मी नसते तेव्हा काय करते ही?”

“त्या कोपऱ्यात बसते. भिंतीकडे तोंड करून.”

बुटकीनं सिरिंज खाली ठेवली. “मग मी आता रविवारीपण येणार आणि बुधवारीपण. आई, आपण तिकडे राहायला गेलो ना, तरीपण यायचं.”

“अगं, तिकडून बसनं दोन-अडीच तास लागतात,” सून म्हणाली.

“लागू देत. एकट्याला असं सोडून जायचं नसतं.”

खोलीत दोन मोठी माणसं होती. दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं.

“बरं,” सून शेवटी म्हणाली. “काजला सोबत मिळेपर्यंत दर रविवारी आणीन तुला. शब्द देते. पण सोबत मिळाली की मग जमेल तसं यायचं. चालेल?”

“चालेल,” बुटकी म्हणाली आणि पुन्हा सिरिंज उचलली.

सून ओट्यापाशी आली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते भट्टीकाकांनी तिला सांगितलं, पिंजरा धुतल्याचंसुद्धा सांगितलं. त्यांना काही लपवता यायचं नाही, डाग काढण्याची सवय असली तरी.

“सगळं धुतलंत ना?” सून म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. “ह्यांच्या शर्टासारखंच.”

“कुठला शर्ट?”

“तो चौकटीचा. हे गेल्यावर मी तो उशीखाली ठेवला होता. तुम्ही घरातले सगळे कपडे गोळा केलेत त्यात तोही नेलात. संध्याकाळी धुऊन, इस्त्री करून, घडी माझ्या हातात आणून दिलीत.”

भट्टीकाकांना ती घडी आठवली. कॉलर फार छान बसली होती तिची. “मला वाटलं, स्वच्छ असलं की बरं वाटेल तुला.”

“माहितीये मला, बाबा. म्हणून तर तेव्हा काही बोलले नाही,” सून म्हणाली आणि तिनं नळाखाली रिकामी वाटी धरली.

त्या दिवशी दोघी गेल्यावर भट्टीकाकांच्या मनात एक गोष्ट आली, आणि आलेल्या पाहुण्यानं हातपाय पसरावेत तशी तिथेच राहिली. काज एकटी आहे तोवर बुटकी येणार. काजला सोबत मिळाली की बुटकीचं येणं जमेल तसं, आणि जमेल तसं म्हणजे काय ते न कळण्याइतके ते भोळे नव्हते. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, भरवत राहिलात तर जगेल. मग भरवायला त्यांची ना कुठे होती?

त्यांना आनंद झाला. आणि आनंद झाला म्हणून स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटली तरी आनंद काही कमी झाला नाही.

लग्न झालं, दोघी परगावी गेल्या, आणि शब्द दिल्याप्रमाणे रविवारी बसनं येऊ लागल्या. बुधवार अर्थातच सुटला. काज त्या दिवसांत हळूहळू भट्टीकाकांच्या हाताला सरावली. आधी सिरिंज, मग बोटावरचा लगदा, मग तळहातावरचा काकडीचा तुकडा. किल्लीचा आवाज आला की ती जाळीशी येऊन शीळ घालायची. संध्याकाळी त्यांच्या मांडीवर चढून शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून बसायची. साठीला टेकलेल्या माणसाची वाट बघणारं घरात कोणीतरी असावं हे काही थोडकं सुख नाही, मग ते दोन मुठींएवढं का असेना.

फक्त कधी कधी ती मांडीवरून उतरायची, त्या कोपऱ्यात जायची, आणि भिंतीकडे तोंड करून बारीक आवाजात काहीतरी विचारल्यासारखं करायची. मग गप्प राहून वाट बघायची. मग पुन्हा विचारायची. भट्टीकाका अशा वेळी रेडिओ लावत.

सोबत मिळत नव्हती असंही नाही. ती अगदी चालून आली होती. त्यांच्या नेहमीच्या केशकर्तनालयात केस कापायला आलेली मुलं स्वस्थ बसावीत म्हणून मालकानं आरशाखाली एका काचेच्या पेटीत दोन गिनीपिग ठेवल्या होत्या. त्यातली एक गेली होती.

“काका, तुमच्याकडेही असलाच उंदीर आहे म्हणे,” न्हावी त्यांच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला.

“उंदीर नाही, गिनीपिग.”

“तेच ते. ही आमची मॅडम घेऊन जा की. पूर्वी बरी होती. आता मशीन सुरू झालं की आतल्या डब्यात जाऊन बसते. पोरं काचेवर टकटक करतात, ही बाहेर येत नाही, मग पोरं भोकाड पसरतात. मॅडम कुठली, महाराणी झाली आहे. माणूस समोर असला की घास गिळत नाही. दुकान बंद करून गेलो की खाते.”

“बघतो,” भट्टीकाका म्हणाले.

बघतो हा शब्द फार सोयीचा. त्यात नकार असतो आणि नकार दिल्याचा बोल लागत नाही. घरी येताना त्यांनी स्वतःला बरीच कारणं दिली. दोघी भांडतील. दुकानातून काहीतरी रोग येईल. काज आता कुठे सावरते आहे, तिला पुन्हा कशाला धक्का? कारणं एकाहून एक चांगली होती. असे किती आठवडे गेले ते त्यांनी मोजलं नाही, मोजावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

मग एका रविवारी बुटकी आली, आणि सवयीनं त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या फ्रॉकच्या गळ्याशी भट्टीकाकांना वास आला. वास अगदी पुसट होता. दुसऱ्या कोणाला आला नसता. कोणीतरी रुमाल ओला करून तो गळा पुसला होता, वर थोडी पावडर मारली होती. पण माणसाच्या पोटातून काय येतं ते भट्टीकाकांना पावडरीखालूनही कळे. त्यांनी तिला दूर धरून तिच्याकडे बघितलं. ओठ कोरडे होते, डोळ्यांखाली निळसर झालं होतं.

सून सामान आणायला खाली दुकानात गेली तेव्हा ते बुटकीजवळ फरशीवर बसले.

“बस लागते का गं तुला?”

बुटकीनं काजच्या पाठीवरून हात फिरवणं थांबवलं नाही. “थोडीशी.”

“आज झालं का?”

“हो.”

“दर वेळी होतं?”

“मी पिशवी घेते ना बरोबर. काही सांडत नाही. आज गळ्यावर थोडं सांडलं.” मग ती घाईघाईनं म्हणाली, “तुम्ही आईला काही बोलू नका हं. ती म्हणते दर वेळी असं होत असेल तर आणणार नाही. आणि काज एकटी आहे ना.”

“नवी शाळा कशी आहे?”

“मस्त आहे. आम्ही पाच जणी नाच बसवतोय. म्हणजे त्या चार जणी बसवतायत. सराव रविवारी असतो.” ती थांबली. काज तिच्या हाताखालून निघून कोपऱ्यात गेली होती आणि भिंतीकडे तोंड करून तिचं ते बारीक आवाजातलं विचारणं सुरू झालं होतं. बुटकी तिच्याकडे बघत राहिली. “आजोबा, ही कधी बरी होणार?”

हा प्रश्न भट्टीकाकांनी इस्पितळाच्या बोळांतून चादरींची गाडी ढकलताना पुष्कळ वेळा ऐकला होता. खाटेशेजारी बसून बसून थकलेली माणसं विचारतात. त्यांचं रोग्यावर प्रेम नसतं असं नाही, प्रेम असतंच. पण त्यांना घरीही जायचं असतं, आणि घरी जायचं आहे हे त्यांच्यानं बोलवत नाही. तो भाव त्यांनी मोठ्या माणसांच्या तोंडावर बघितला होता. दहा वर्षांच्या पोरीला तो शोभत नव्हता.

आणि तो तिच्या चेहऱ्यावर त्यांनी आणला होता. काजचं निमित्त करून ते एका पोरीला ओकाऱ्या काढायला लावून आपल्या उशाशी बसवत होते. सुनेला मोठ्या मनानं म्हणाले होते, एकट्यानं राहू नये माणसानं. आणि ह्या मुठीएवढ्या जिवाला मात्र म्हणत होते, तू राहा एकटी, माझी सोय होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर ते न्हाव्याकडे गेले. दाढी वाढलेली नसताना काका आले म्हणून न्हावी चकित झाला.

“मॅडम आहे ना अजून?”

“जाते कुठे? ती काय, डब्यात.”

मॅडम काळी कुळकुळीत होती, एक कान दुमडलेला. तिच्या डब्यासकट टोपलीत घातल्यावर ती घरी पोचेपर्यंत हलली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून भट्टीकाकांनी सगळं विचारून घेतलं. पिंजऱ्याच्या मध्ये जाळी लावायची. अलीकडे काज, पलीकडे मॅडम. एकमेकींना दिसतील, वास येईल, पण चावता येणार नाही. आणि हिच्या खालचं फडकं रोज तिच्याकडे टाकायचं, तिचं हिच्याकडे.

“आणि काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ती फडकी न धुता टाकायची. बजावून सांगते.”

सांगणं सोपं होतं. रोज सकाळी भट्टीकाका ते मळकं, ओलसर, लेंड्यांचा वास मारणारं फडकं चिमटीत धरून उभे राहायचे आणि त्यांचा दुसरा हात आपसूक नळाकडे जायचा. एकदा तर नळ सुटलाही. त्यांनी तो बंद केला, फडकं झटकलं आणि जाळीपलीकडे टाकलं. मॅडम डब्यात शिरली. पण काजनं जाळीला नाक लावलं, आणि बराच वेळ ते तिथून काढलं नाही.

मग शनिवारी दुपारी त्यांनी फरशीवर एक जुनं कांबळं पसरून दोघींना त्यावर सोडलं आणि हातात जाड टॉवेल धरून बसले, चावाचावी झाली तर मध्ये घालायला. मॅडमनं दात कडकड वाजवले. काज थबकली. भट्टीकाकांच्या मनात, अगदी आत, एक कोणीतरी म्हणालं, भांडा. भांडलात तर मी काय करणार, नाइलाज होईल. ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

काज खाली डोकं घालून, घशात गुरगुरत, मॅडमभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं मॅडमच्या दुमडलेल्या कानाला नाक लावलं. मॅडमनं दात वाजवायचे थांबवले. थोड्या वेळानं दोघी कांबळ्याच्या एकाच टोकाला एकीला एक चिकटून बसल्या. काजनं डोळे मिटले होते. बटण गेल्यापासून तिला उघड्यावर डोळे मिटताना भट्टीकाकांनी बघितलं नव्हतं.

त्यांनी तळहातावर काकडीचा तुकडा ठेवून हात पुढे केला. मॅडम दचकून टेबलाखाली पळाली. काजनं तुकड्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि तीही मॅडमच्या मागे पळाली.

त्या आठवड्यात सुनेचा फोन आला तेव्हा त्यांनी मॅडमबद्दल काही सांगितलं नाही. रविवारी बुटकी प्रत्यक्षच बघेल, असं म्हणाले मनाशी. खरं म्हणजे त्यांना तो एक रविवार हवा होता.

बुटकी आली. फ्रॉकला पुन्हा तोच वास होता. पिंजऱ्याशी जाऊन ती खाली बसली. लाकडी घरकुलात दोन बुडं दिसत होती, एक काळं आणि एक ठिगळाचं.

“आजोबा!” तिनं तोंडावर हात दाबला. “ही कोण?”

“मॅडम. सलूनमध्ये नोकरीला होती. आता निवृत्त झाली.”

“काज झोपलीये! भिंतीकडे तोंड करून नाही झोपलेली!” ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “म्हणजे आता ती एकटी नाहीये ना?”

“नाही.”

“म्हणजे मग...” बुटकी आईकडे बघायला लागली, मग जमिनीकडे. तिला वाक्य संपवता येईना.

भट्टीकाकांनी ते संपवलं. “म्हणजे मग तू आता रविवारी नाचाला जायचं. पाचवी नसली तर त्या चौघी काय करणार? एक हात कमी पडेल.”

“दोन हात,” बुटकी म्हणाली.

“बघ. दोन.”

“पण मी फोन करीन.”

“कर की.”

“दोघींना घेऊनच जा ना तिकडे,” ते थोड्या वेळानं म्हणाले. हे मात्र त्यांनी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. “तुझ्याच आहेत.”

बुटकीनं खूप विचार केला. “नको. आत्ता कुठे त्यांना एकमेकींचा वास लागलाय. तिकडे नेलं की सगळे वास बदलणार, मग परत पहिल्यापासून. आणि इथे तुम्ही आहात ना त्यांना.”

निघताना ती दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरली. आजोबांना हात करायला खालच्या वळणावर थांबली आणि मग दिसेनाशी झाली. सून दारात रेंगाळली.

“बाबा, मी तिला काय शब्द दिला होता ते तुमच्या लक्षात होतं.”

“होतं की.”

“मग?”

भट्टीकाकांनी तिच्या पर्सचा सुटलेला पट्टा तिच्या खांद्यावर नीट केला. “तिला बस लागते,” ते म्हणाले.

त्यांनाही हे कळलंय याचा सुनेला अंदाज होता की नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिनं ओठ आवळून मान हलवली आणि ती खाली गेली.

बुटकीचा फोन आधी दर रविवारी यायचा. काज काय करते, मॅडम काय करते, नाचात कोण चुकलं. मग एखादा रविवार चुकायला लागला. चुकला की पुढच्या वेळी ती खूप वेळ बोलायची, आणि मग पुन्हा चुकायचा. भट्टीकाका आपण होऊन फोन करत नसत. पोरगी नाचत असेल, कशाला मध्येच घाम पुसत यायला लावा.

काजनं मॅडमचे सगळे गुण घेतले. जनावर माणसाळतं तसं जनावराळतंही, असं म्हणायला हरकत नाही. किल्लीचा आवाज आला की आता दोघी घरकुलात पळत. मांडी, बाही, तळहात हे सगळं काज विसरली. भट्टीकाका पिंजऱ्यात गाजर ठेवून कोपऱ्यात खुर्चीवर अगदी दम धरून बसून बघत, पण ते खोलीत आहेत तोवर घरकुलातून एक मिशीही बाहेर येत नसे. म्हणून ते गाजर ठेवायचे आणि बाहेर जाऊन दार लोटून घ्यायचे.

असेच एका रविवारी ते बाहेर उभे असताना वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आल्या.

“काय काका, किल्ली हरवली?”

“नाही, नाही. आत जेवणं चाललीत.”

“अगबाई, पाहुणे आलेत वाटतं?”

“पाहुणे कुठले, घरच्याच. कोणी बघत असलं की जेवत नाहीत.”

“आणि तुमचं झालं जेवण?”

“माझं काय, होईल नंतर,” भट्टीकाका म्हणाले.

बाई हसल्या आणि वर गेल्या. त्यांचं दार उघडलं, आतून माणसांचा गलका आला आणि दार लागलं. जिन्याच्या खिडकीतून वारा येत होता. लोटलेलं दार हलून वाजलं तर त्या दोघी अर्ध्यातच आत पळाल्या असत्या, म्हणून भट्टीकाका कडी घट्ट हातात धरून तिथेच उभे राहिले.